खिशातला पाना

माझी शाळा आठवीत सुटली. ज्या साप्ताहिकात मी आज सिनेमावर लिहितो, तिथल्या संपादकांना हे ठाऊक आहे आणि तरी ते माझा मजकूर छापतात, या उपकाराचं ओझं दर गुरुवारी शिरूरला कागद द्यायला जाताना माझ्या मानेवर असतं. एखादा शब्द चुकला असेल, कुणी हसेल, उद्या नको म्हणतील, ही धाकधूक एवढ्या वर्षांत गेली नाही. पण हे प्रकरण लिहिताना वाटते ती भीती निराळी. यात माझं भलं करणारी दोन माणसं आहेत, आणि त्यातल्या एकाशी बेइमानी केल्याशिवाय मला ते पुरं करता येत नाही.

मी आणि मोरेश्वर वैनगंगेकाठच्या एकाच गावचे. एकाच रेल्वेच्या डब्यात बसून इकडं आलो, रांजणगावच्या एमआयडीसीत एकाच कंत्राटदाराकडं लागलो आणि कारेगावात पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहिलो. आमच्याकडं दोन्ही वेळा भात. इथल्या मेसच्या डब्यात पाच चपात्या आणि कोपऱ्यात मूठभर भात. मोरेश्वर तो भात रोज उचलून मला दाखवायचा. "हे का पाखराले टाकलं का बे?" रविवारी तो स्वतः पातेलंभर भात शिजवायचा आणि आम्ही वरण ओतून जमिनीवर बसून जेवायचो, तेव्हा खोलीला थोडा घरचा वास यायचा. आम्ही प्रेस शॉपला होतो. पत्रा दाबून त्याला आकार देणारी मशीन म्हणजे प्रेस. वरचा जड ठोकळा खाली येतो, धाडकन आवाज होतो, पीस तयार. तो आवाज खोलीवर आल्यावरही कानात चालू राहायचा. बोलताना आम्ही नकळत ओरडत असू, आणि घरमालकीण भिंतीवर लाटणं आपटून विचारायची, "भांडताय का रं?"

मोरेश्वर धानाच्या बांधावर वाढलेला. बांध अरुंद, त्यामुळं पाऊल पावलासमोर ठेवत चालायची सवय. कारखान्याच्या ऐसपैस फरशीवरही तो तसाच चालायचा, हात जरा बाजूला काढून, तोल सांभाळत. लोक हसायचे. मीही तसाच चालतो हे मला पुण्यातल्या एका माणसानं दाखवून देईपर्यंत ठाऊक नव्हतं.

शिरूरच्या थेटरात आप्पांची गाठ पडली ती आमच्या सुट्टीच्या दिवशी. शेजारच्या खुर्चीत साठीचा एक बारीक माणूस मांडीवर वही ठेवून बसलेला. मध्यंतरात दिवे लागले तसे ते माझ्याकडं वळले. ओळख नाही, पाळख नाही. म्हणाले, "पोरा, ती बाई घरात शिरली तवा तिनं दार लावलं का उघडं ठेवलं?"

मी घाबरलो. वाटलं, काही चूक झाली. "उघडं ठेवलं," म्हणालो. "आणि चपला आत घेतल्या."

"चपला आत घेतल्या?" त्यांनी वही उघडली. "त्ये मी बघितलंच न्हाई. का घेतल्या असतील?"

"कुणी येऊन गेलं तरी कळू नये, बाई घरी आहे म्हणून."

"आन् मग दार का उघडं ठेवलं?"

मला सांगता आलं नाही. आप्पा खूश झाले. "त्या दिग्दर्शकाला बी सांगता येणार न्हाई," म्हणाले, "म्हंजी ह्या सीनमदी कुणीतरी झोपलं होतं." मोरेश्वर माझ्या कानाशी लागला. "हा बुढा का म्हणते बे? लोकं रडून रायले अन् हा चपला मोजते."

आप्पा दौंडचे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात अख्खी नोकरी काढलेली, आणि वीस वर्षं साप्ताहिकात सिनेमाचं सदर. ते दर आठवड्याला यष्टीनं शिरूरला यायचे. आम्हाला त्यांनी घरी बोलावलं आणि आम्ही गेलो, कारण घरचं जेवण मिळेल. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड. घर रेल्वे लायनीजवळ, भीमनगरच्या आतल्या बोळात; दोन खोल्या, ओट्यावर लखलखीत घासलेली भांडी, फळीवर लहानशी बुद्धमूर्ती आणि तिच्याखाली वह्यांची चळत. इंजिनांचं शंटिंग चाललं की फळीवरचे ग्लास किणकिणायचे आणि कुणी तिकडं बघायचंही नाही. आप्पांच्या पत्नी, माई, राहू गावच्या. त्यांच्या माहेरचा गूळ डब्यात कायम असायचा. गरम भाकरी, तव्यावरचा खर्डा, चवळीची उसळ आणि शेवटी गुळाचा खडा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "भात किती टाकू?" मोरेश्वर म्हणाला, "मावशी, लाजू नका." त्या अशा हसल्या की तेव्हापासून आम्ही आलो की मोठं पातेलं चढायचं. आज लिहिताना ते पातेलं डोळ्यांसमोर येतं. नोकरी गेल्यावर ह्याच माईंनी मला हाताला धरून त्या साप्ताहिकाच्या ऑफिसात नेऊन बसवलं होतं. ते उपकार मी लिहून फेडू शकत नाही, पण लिहिलेले असावेत.

जेवणं झाली की आप्पा टीव्हीवर एखादा सिनेमा लावायचे आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारायचे. त्यांचं म्हणणं असं, की सिनेमा बघणारा माणूस दोन चुका करतो. आधी काय वाटलं ते सांगतो आणि काय दिसलं ते विसरतो. "तुला रडू आलं, बरं झालं. डोळं साफ झालं. आता सांग, रडू यायच्या आधी काय दिसलं?" आम्ही आठवायचो. बहुतेक वेळा दिसलेलं काहीच नसायचं, नुसती सनई असायची. पार्सल ऑफिसातला माणूस. तिथलीच उदाहरणं द्यायचे. "पेटीवर लेबल आंब्याचं. म्हणून आत आंबंच हायत का? मी पेटी हलवायचो, वास घ्यायचो, वजन बघायचो. पिक्चरचं तसंच. वर लेबल असतंय, महान प्रेमकथा. हलवून बघ." त्यांनी कधी कुठल्या सिनेमाला तारे दिले नाहीत. माई चिडायच्या. "चांगला पिक्चर हाय म्हणायला तुमच्या तोंडाला काय व्हतं?" आप्पा म्हणायचे, "चांगला असंल तर मी तीन दिस गप बसतो. तुला कळत न्हाई व्हय?" ते खरं होतं. आवडलेल्या सिनेमानंतर ते घरात हळू चालायचे.

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे आणि मला ती फार पटली होती. खोटं दाखवायचं असेल तर ते जागच्या जागी दाखवून चालत नाही. आधी कुठंतरी त्याची एक बारीकशी खूण दाखवायची, मग लोक आपलेआपण विश्वास ठेवतात. ज्याला हे जमतं तो कलावंत, आणि म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची. यातलं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, दुसरं मी सोडून दिलं.

मोरेश्वर गेला तो पहिल्या शिफ्टला, चहाच्या आधी. आमच्या प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी असायची, माणसाचा हात किंवा डोकं आत जाऊ नये म्हणून. जाळी असली की अडकलेला पीस काढायला वेळ जातो आणि टार्गेट मागं पडतं. त्यामुळं घाई असली की आमचे शिफ्ट इन्चार्ज स्वतः येऊन जाळी खोलायचे. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. वाईट माणूस नव्हे. मी आजारी पडलो तेव्हा त्यांनी घरून मऊभात पाठवला होता, आणि मला कंत्राटातून काढून कंपनीच्या पगारावर घ्यावं म्हणून वर शब्द टाकला होता. त्या दिवशी ते आले, म्हणाले, "पाना दे रे." मी माझ्या पेटीतला पाना दिला. त्यांनी चारही बोल्ट काढले, जाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि मोरेश्वरला म्हणाले, "आता हाण. जेवणाच्या आत गाडी भरायची हाय." अर्ध्या तासानं पीस अडकला. मोरेश्वर वाकला. ठोकळा खाली आला. मी चार पावलांवर होतो. जे दिसलं ते मी इथं लिहिणार नाही. आप्पा असते तर त्यांनी हे वाक्य खोडलं असतं; तरी लिहिणार नाही.

गावाहून त्याचा बाप आला, मामा आले, शववाहिका घेऊन दीड दिवसाच्या प्रवासाला निघून गेले. चौकशीला साहेब लोक आले. मला विचारलं, जाळी कुणी काढली. दादासाहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते. मी म्हणालो, "मी बघितलं नाही." त्यानंतर कुणी विचारलं नाही. जाळी मोरेश्वरनं स्वतः काढली असावी असं कागदावर आलं, आणि कागदावरून ते सगळ्यांच्या बोलण्यात आलं.

दीडेक महिन्यानं कंपनीनं ठरवलं की नव्या कामगारांना दाखवायला एक सेफ्टी फिल्म करायची. शिरूरचा लग्नाची शूटिंग करणारा बंटीभाऊ कॅमेरा, दिवे आणि एक छत्री घेऊन आला. फिल्ममध्ये मोरेश्वरचं काम कुणी करायचं यावर पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. पुण्याहून आलेल्या एचआरच्या साहेबांनी मला समोरून चालायला सांगितलं. "हा बेस्ट आहे. उंची तीच, चालही तशीच. कुठून आलात तुम्ही?" दादासाहेब माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "कर बाळा. पुढच्या महिन्यात तुझं लेटर काढतो." त्यांचा आवाज ओला होता. मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. खरं लिहायचं तर मला नाही म्हणायचंच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हणून मी सकाळी दाढी करून गेलो होतो.

पहिला शॉट: कामगार येतो, भिंतीजवळच्या पेटीतून पाना घेतो, जाळी खोलतो. बंटीभाऊनं तो दोनदा घेतला आणि छोट्या पडद्यावर सगळ्यांना दाखवला. जमत नव्हतं. पाना एकदम कुठून आला, असं वाटत होतं. सगळे एकमेकांकडं बघत राहिले, आणि मी बोललो. "पाना आधीच दिसू द्या," म्हणालो. "गेटमधून आत येतानाच खिशात. तो चालतोय, पाना हलतोय. मग लोकांना वाटेल, ह्याची रोजचीच सवय आहे." बंटीभाऊनं मांडीवर थाप मारली. "च्यायला, ह्यो तर डायरेक्टर निघाला!" एचआरच्या साहेबांनी माझं नाव विचारून लिहून घेतलं. तसा शॉट घेतला. मी बांधावरून चालल्यासारखा चालत आलो, मागच्या खिशात पाना, शीळ घालत. पुढं वाकलो, कट. एक लाल डाग. हार घातलेला फोटो, तो मात्र मोरेश्वरचा खराखुरा. आणि जड आवाज: एका क्षणाचा निष्काळजीपणा. सगळी मिळून सात मिनिटं. त्या संध्याकाळी मी खोलीवर आलो तेव्हा मला आनंद झाला होता. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि तीन वेळा परत लिहिलं.

सुट्टीच्या दिवशी सीडी घेऊन मी दौंडला गेलो. आप्पांनी ती एकदा पाहिली, मग माईंना हाक मारून दुसऱ्यांदा पाहिली. माईंनी मोरेश्वरचा फोटो आल्यावर पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. आप्पा म्हणाले, "बाकी समदं लग्नाच्या कॅसेटसारखं हाय. पण त्यो खिशातल्या पान्याचा शॉट कुणाचा?"

"माझा."

"खरं?"

"मीच सुचवला. तुम्ही सांगितलं होतं ना, आधी खूण दाखवावी."

"शाब्बास," ते म्हणाले. त्यांनी मला कधी शाब्बास म्हटलं नव्हतं. मी खाली बघून हसलो. मग त्यांनी सीडी काढली, पुसली, पाकिटात घातली आणि विचारलं, "आन् पाना कुणाचा होता?"

त्या घरात मला खोटं बोलायची सवय लागली नव्हती. मी सांगितलं. दादासाहेब, चार बोल्ट, भिंतीला टेकवलेली जाळी, माझा हात. आत स्टोव्हचा आवाज थांबला. माई ऐकत होत्या. एक मालगाडी गेली, फळीवरचे ग्लास वाजले, थांबले.

"वाईट पिक्चर असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "कुणी विश्वास ठेवला नसता. तू त्यो चांगला केलास."

"आप्पा, यावर लिहू नका," मी म्हणालो. "माझं लेटर यायचंय. आणि दादासाहेबांनी माझ्यासाठी..."

"मी कसा लिहू? मी होतो का तिथं?" ते उठले. "ज्यानं बघितलं त्यानं लिहायचं असतंय. बस, जेव."

ताटात भात होता. मी जेवलो. त्यानंतरचे दोन आठवडे त्यांचं सदर आलं नाही. वीस वर्षांत नागा फक्त तेवढा. मग पुन्हा सुरू झालं. मी दौंडला जाणं कमी केलं, मग बंद केलं. माईंचे दोन निरोप आले, मी शिफ्टचं कारण सांगितलं. आप्पा गेल्याचं मला साप्ताहिकातूनच कळलं, शेवटच्या पानावर, चौकटीत. तेव्हा मी कंपनीच्या पगारावर होतो आणि ती चौकट कँटीनमध्ये उभ्यानं वाचली.

माझं लेटर ठरल्याप्रमाणं आलं होतं. मी नीट बोलतो म्हणून नव्या मुलांना सेफ्टी शिकवायचं कामही मलाच मिळालं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, वरच्या हॉलमध्ये, बिहारची, लातूरची, परभणीची, आमच्याकडची पोरं रांगेत बसायची आणि मी ती फिल्म लावायचो. सात वर्षं. पहिल्या वर्षी मी स्वतःला बघायचो. नंतर पोरांच्या तोंडाकडं बघू लागलो. खिशातला पाना दिसला की पुढच्या रांगेतला कुणीतरी नेमका शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचा, 'देख, ये मरेगा.' एकदाही चुकलं नाही. एवढी वर्षं सिनेमावर लिहितोय, माझ्या त्या शॉटइतका बिनचूक चालणारा शॉट मी फार थोडा पाहिलाय.

आठव्या वर्षी मोरेश्वरचा धाकटा भाऊ कामाला आला. आम्ही गाव सोडलं तेव्हा तो शाळेच्या पाटीवर चित्रं काढायचा. आता ओठावर मिसरूड. हजेरीच्या यादीतलं आडनाव मी दोनदा वाचलं. फिल्म त्या दिवशी लावू नये असं वाटलं, पण एचआरची बाई मागं बसली होती. मी लावली. पोरगा ताठ बसून शेवटपर्यंत बघत राहिला. सगळे गेल्यावर तो माझ्याकडं आला. मला वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं.

"दादा," तो म्हणाला, "तुमी भाऊवानीच चालता. भाऊ चालताना आमच्याकडं कोठंच नाई. एकच फोटो हाय, तोबी बसलेला. हे माझ्या मोबाइलमंदी टाकून देता का? दिवाळीले मायले दाखवतो."

मी टाकून दिली. त्याला दुसरं काय सांगणार होतो?

दिवाळीनंतर एका दुपारी, मी दुसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत असताना, गावाकडचा फोन आला. मोरेश्वरची आई. मागं कोंबड्यांचा कलकलाट. तिनं माझ्या तब्येतीचं विचारलं, लग्नाचं विचारलं, मग म्हणाली, "बाबू, तुयावाला सिनेमा पायला. चार डाव पायला. मले एक सांग. त्यानं ते जाळी काऊन काढली असन रे?"

मी उठून दारात आलो.

"तो त असा नव्हता. मांजरीले दूध टाके, तरी आंधी भांडं धुवे. एवढी का घाई होती त्याले?"

"मावशी, त्यानं नोती काढली."

"सिनेमात त काढते."

"सिनेमातला मी हावो, मावशी."

"तू हायस, माहीत हाय ना मले. पण तू त त्यानं केलं तेच करून दाखवलं ना?"

कारेगावच्या त्या खोलीच्या दारात उभा राहून मी तिला सांगितलं. एकामागून एक, दिसलं तसं. पाना कुणाचा, दिला कुणी, बोल्ट कुणी काढले, जाळी कुठं टेकवली, चौकशीत मी काय बोललो. खिशातल्या पान्याचा शॉट कुणी सुचवला तेही. सगळं संपल्यावर म्हणाली, "थांब. फोन ठेवू नोको. त्याच्या बापाले बोलावतो. त्यायले पयलेपासून सांग."

बाप आला. मी पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, हे कागदावर देशीन का. मी देतो म्हणालो, आणि त्या दिवशी शिफ्टला न जाता लिहायला बसलो.

कागद जिथं जायचा तिथं गेला. फिल्म बंद झाली, चौकशी परत उघडली, दादासाहेब घरी बसले आणि महिन्याभरात मलाही हिशेब देऊन मोकळं केलं. शेवटच्या दिवशी गेटबाहेर दादासाहेब स्कूटर लावून उभे होते. केस पांढरे झाले होते, ते आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. शिव्या देतील म्हणून मी लांबच थांबलो. ते जवळ आले.

"मी तुझं काय वाईट केलं होतं रे?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. ते खरं होतं.